पान्हा चोरणारी चंद्री

माणसांच्या डॉक्टरला एक सोय असते. पेशंट सांगतो, इथं दुखतंय. आमच्या पेशंटला वाचा नाही म्हणून लोक आमची कीव करतात. ‘मुकं जनावर बिचारं, तुम्हाला कसं हो कळतं?’ असं लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच. आता निवृत्त झालोय, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. जनावर मुकं असतं, बिचारं वगैरे काही नसतं. बिडकीन-पैठण भागातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत मी उभी हयात काढली. या काळात माझ्या पेशंटांनी मला जितकं बनवलं, तितकं त्यांच्या मालकांनीही बनवलं नाही. मालक थाप मारताना निदान नजर तरी चुकवतो.

एक बैल होता. खांद्यावर जू ठेवलं की मागच्या डाव्या पायानं लंगडायचा. मालक हवालदिल. मी खूर तपासला, सांधे दाबून पाहिले, काटा शोधला, काही सापडेना. आजारी म्हणून त्याला गूळ-पेंड सुरू झाली होती, त्यामुळे तब्येत मात्र झकास. जू काढलं की कडब्याच्या गंजीकडं दुडक्या चालीनं जायचा. पुढच्या खेपेला दवाखान्यात आला तो उजव्या पायानं लंगडत. कुठला पाय दुखत होता तेच विसरला होता पठ्ठ्या. मालकानं कपाळावर हात मारला. म्हणाला, “साहेब, ह्याला शाळंत घातला असता तर पुढारी झाला असता.”

एक शेळी माझ्या मोटारसायकलचा आवाज ओळखायची. फटफट ऐकू आली की धान्याच्या कणगीमागं गडप. मग मी गाडी वेशीबाहेर लावून पायी जायला लागलो. तिनं माझ्या बॅगेचा वास धरला. एकदा बॅग मालकाच्या हाती देऊन त्याला पुढं पाठवला, तर तेव्हापासून ती मालकाच्याही हाती लागेना. अख्खं कुटुंब तिच्या मागं गावभर पळताना मी पाहिलंय.

हे किस्से मी सणासुदीला सांगतो, घरचे हसतात. माझी बायको म्हणते, हे जनावरांबद्दल बोलताना जेवढे खुलतात तेवढे माझ्याबद्दल बोलताना खुलत नाहीत. म्हणो बापडी. पण एका म्हशीची गोष्ट आहे, ती मी घरी कधी सांगत नाही. सुरू होते ती हसण्यासारखीच; पुढं माझा आवाज जड होतो आणि लोक इकडंतिकडं बघायला लागतात. कागदाला तसलं काही नसतं, म्हणून इथं लिहितो.

शहरातल्या वाचकांसाठी आधी थोडं धंद्यातलं सांगतो. कासेत दूध भरलेलं आहे म्हणजे सड ओढला की ते येईल, असं नसतं. म्हशीनं ते सोडावं लागतं. रेडकानं ढुशी दिली, ओळखीचा हात लागला, ओळखीचा आवाज कानावर पडला, की तिचं अंग सैलावतं आणि दूध सडांत उतरतं. याला पान्हा म्हणतात. जनावर भ्यालं, बिथरलं की पान्हा येत नाही. मग तुम्ही बोटं दुखेपर्यंत ओढा. काही म्हशी तर हे कळूनसवरून करतात. माणसाला तांब्याभर देतात आणि बाकीचं रेडकासाठी वर ओढून धरतात. अशा म्हशीला आपल्याकडं म्हणतात, पान्हा चोरते. दूध तिचं, रेडकू तिचं, आणि चोरही तीच. हा शब्द काढणारा मालकच असला पाहिजे, म्हैस नव्हे.

रखमाजीमामांचं घर बिडकीनच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. घराणं पिढीजात मेंढरं राखणारं. चराईचं रान औद्योगिक पट्ट्यात गेलं तशी मेंढरं गेली, मागोमाग थोडीफार जमीन होती तीही गेली. राहिलं घर, ओसरीला लागून गोठा, आणि गोठ्यात चंद्री. अस्सल मराठवाडी म्हैस. शिंगं मागं मानेवर पोचलेली आणि कपाळावर पांढरा चांद. ती मामांची नव्हती, त्यांच्या बायकोची, म्हणजे गयामामींची होती. मामी तिला वगार असल्यापासून वाढवत होत्या.

चंद्रीची हुशारी सगळ्या आळीला माहीत होती. शिंगाच्या टोकानं ती गोठ्याच्या फाटकाची कडी काढायची, शेजारच्याच्या मक्यात जाऊन यायची आणि पुन्हा आपल्या जागी येऊन रवंथ करत उभी राहायची. शेजाऱ्यानं बरेच दिवस गावातल्या पोरांवर आळ घेतला. शेवटी एका सकाळी मामींना तिच्या शिंगात अडकलेलं मक्याचं पान दिसलं. मामींनी ते गुपचूप काढून चुलीत घातलं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. वर म्हणाल्या, “लेकरावर पांघरूण आईनंच घालावं, डाक्टर.”

धारेला बसल्या की मामी चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकायच्या आणि म्हणायच्या, “उगी, बाई, उगी.” रडणाऱ्या लेकराला म्हणतात तसं. म्हैस काही रडत नसायची. पण तेवढं म्हटलं की तिचे कान खाली यायचे, शेपूट सैल पडायची आणि बादलीत धार वाजायला लागायची.

मामी गेल्या त्या अचानक. सकाळी गोठ्यात असतानाच छातीत कळ आली. रोजचं लुगडं बदलून गोठ्यातल्या खुंटीवर टाकलं, चांगलं पातळ नेसून शहरातल्या दवाखान्यात गेल्या, आणि तिथून त्यांना आणलं ते ओट्यावर ठेवायलाच. मी गेलो होतो. मामा भिंतीला टेकून बसले होते, डोळे कोरडे. पाहुण्यांनी जवळ घेतलं, बायकांनी हंबरडा फोडला, हा माणूस दगडासारखा. नंतर लोक बोललेच. मेंढरं राखणारी जात, उघड्यावर राहून काळीज राठ होतं म्हणाले. मामांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

दहाव्याच्या आतच मला निरोप आला की चंद्रीनं दूध बंद केलंय. गेलो तर कास भरून आलेली, रेडकाला पाजायची आणि माणसाचा हात लागला की सगळं वर ओढून धरायची. मामा बसले, शेजारीण बसली, मुलगा सोपान बसला. सोपान तेव्हा नुकताच तिथल्या एका कंपनीत लागला होता. कुणालाच थेंब नाही. सोपान मला बाजूला घेऊन म्हणाला, “डॉक्टरसाहेब, ते पान्ह्याचं इंजेक्शन द्या ना. सगळे देतात.” देतात हे खरं. ते असं रोज टोचायला बंदी आहे हेही खरं, आणि जनावराचं पुढं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मी नाही म्हणालो. मामांना म्हटलं, “मामींचं एखादं कापड जवळ ठेवून बघा. वासानं फरक पडतो.”

मला वाटलं, ते खांद्यावर टाकतील. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर मामा गोठ्यात अख्खं लुगडं नेसून बसलेले. हिरवं, तांबड्या काठाचं, गुडघ्यावर ठिगळ असलेलं. खाली धोतर, वर लुगडं, डोक्यावर पदर आणि पदरातून बाहेर आलेल्या पांढऱ्या मिशा. चंद्रीनं मान वळवून त्यांना हुंगलं. पदराचं टोक तोंडात धरून चघळलं. मामा चाचरत म्हणाले, “उगी, बाई, उगी.” आणि बादलीत धार वाजली. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर आलो. बाहेर आल्यावर हसू कुठं गेलं कळलं नाही.

गावानं मात्र पोटभर हसून घेतलं. मामांना ‘रखमाबाई’ म्हणायला लागले. पारावरून जाताना कुणी म्हणायचं, “रखमाबाई, पाव्हणं कवा येणार बघायला?” मामा म्हणायचे, “तुज्या बापाला पाठीव.” पुढं थट्टाही जुनी झाली. रोज सकाळ-संध्याकाळ लुगडं नेसायचं, धार काढायची, लुगडं पुन्हा खुंटीला अडकवायचं. मधे चंद्री एकदा भाकड होऊन पुन्हा व्याली, रेडकू दगावलं, तरी हा क्रम काही चुकला नाही. लुगडं कधी धुतलंही नाही. धुतलं तर वास जाईल म्हणायचे.

एव्हाना सोपानचं लग्न झालं होतं. त्यानं शहरात पैठण रोडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तिथून कंपनीच्या बसनं ये-जा. बापानं आपल्याकडं यावं असं त्याचं म्हणणं. यात त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मामा गोठ्यात घसरून पडले होते, शेजाऱ्यानं उचलून आणलं होतं. मोकळं रान उरलं नव्हतं, कडबा विकत आणायचा तरी आणून टाकायला माणूस नाही. सोपान म्हणायचा, “बाबा, म्हैस विका आणि चला.” मामा म्हणायचे, “इक की. कोण घेतंय ते बघ.”

आणि खरंच कुणी घेत नव्हतं. जनावराच्या बाजारात एक रीत आहे. गिऱ्हाईक विचारतं, खोड काय? विकणाऱ्यानं खरं सांगायचं. मारकी आहे, लाथ मारते, दावं चघळते, जे असेल ते. नाही सांगितलं आणि पुढं खोड निघाली तर जनावर परत करायचा हक्क असतो. घरी बघायला आलेल्या प्रत्येकाला मामा मोठ्या आवाजात सांगायचे, “पान्हा चोरती. बाईचं लुगडं नेसल्याबिगर थेंब देत नाय. मी नेसतो, तुमी नेसाल का?” गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं.

एकदा मामा तापानं फणफणले. गोठ्याला लागून असलेल्या ओसरीत बाजेवर पडून होते, अंगावर घोंगडी. चंद्रीची कास तटतटलेली. सोपान ड्युटीवरून तसाच आला होता, कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं मला फोन करून बोलावलं, इंजेक्शनचा हट्ट पुन्हा धरला. मी म्हटलं, “आधी बसून तर बघ.” तो म्हणाला, “मी काही आईचं लुगडं नेसणार नाही.” बसला तसाच. बराच वेळ काही नाही. ओसरीतून मामांचं खोकणं आणि तापातलं पुटपुटणं ऐकू येत होतं. सोपान उठायच्या बेतात होता आणि चंद्रीचे कान खाली आले. धार बादलीत वाजली, फेस आला, बादली भरली.

सोपान माझ्याकडं बघत राहिला. “डॉक्टरसाहेब, ही तर देते की! लुगड्याचं नाटक म्हशीचं नाही, बाबांचं आहे.”

मामा बरे झाल्यावर मी मुद्दाम गेलो. ते लुगड्याच्या निऱ्या चाचपडत गोठ्यात बसले होते. म्हटलं, “मामा, सोपानलाही दिलं तिनं. लुगडं नेसायची गरज उरली नाही.”

“मला म्हाईत हाय,” मामा म्हणाले. “लई दिवसाचं म्हाईत हाय. उन्हाळ्यात एकडाव इसरलो, तसाच बसलो धोतरावर. दिलं की तिनं.”

“मग रोज नेसता कशाला?”

त्यांनी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. “खोड हाय तवर ती घरात हाय, डाक्टर. बिनखोडीची झाली की गेलीच म्हणून समजा.” आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “आन् धोतरावर बसलो तर निस्ती धार काढणं व्हतं.”

इतकी वर्षं मी समजत होतो की फसवणारी जात जनावराची. इथं एक म्हातारा सगळ्या गावाला स्वतःवर हसू देत आपली म्हैस राखून बसला होता, आणि त्याचा डाव आता मुलाला कळला होता.

सोपाननं पाचोडच्या गुरांच्या बाजारचा दिवस धरला. लसीकरण झालेल्या जनावरांच्या कानातले बिल्ले तपासायची ड्युटी त्या दिवशी माझीच होती. टेम्पो आला तो बघतो तर मागच्या बाजूला चंद्रीजवळ मामा उभे. सोपान वैतागून म्हणाला, “येऊ नका म्हणून किती सांगितलं. परक्यानं दावं धरलं तर बिथरेल म्हणतात.” लुगडं बरोबर नव्हतं. मामांनी ते घरीच ठेवलं होतं, निदान परक्याला तरी ती लुगड्यावाचून देणार नाही एवढी आशा असावी. पण मला वाटतं, त्यांना तीही नव्हती. सोपानला दिलं म्हणजे ती कुणालाही देणार, असंच त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते नुसते पोचवायला आले होते.

चंद्री बाजारात पहिल्यांदाच आली होती. टेम्पोचे हॉर्न, भोंग्यावरची जाहिरात, शेजारी दावणीला बांधलेले मारके रेडे. डोळे पांढरे करून ती थरथरत होती. इस्माईलभाई नावाचा एक गवळी तिच्यापुढं येऊन थांबला. पैठणजवळच्या गावचा, माझ्या ओळखीचा. जनावरं नीट ठेवणारा माणूस, वाईट बोलायला जागा नाही. त्यानं दात पाहिले, कास पाहिली आणि रीतीप्रमाणं विचारलं, “चच्चा, खोड क्या है?”

“पान्हा चोरती,” मामा म्हणाले. “लुगडं नेसल्याबिगर थेंब देत नाय.”

“बाबा, गप बसा,” सोपान म्हणाला. “काही चोरत नाही. मी स्वतः काढलंय. बसून बघा तुम्ही.”

इस्माईलभाईनं माझ्याकडं पाहिलं. “डॉक्टरसाब, सच्ची बात क्या है?”

मी म्हणालो, “मी बिल्ला बघायला आलोय. खोड मालकानं सांगायची असते.” याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

तो बादली घेऊन बसला. सड धुतले, ओढले. थेंब नाही. पुन्हा प्रयत्न केला. कास दगडासारखी भरलेली आणि बादली कोरडी ठणठणीत. चंद्री चारी पाय रोवून उभी, कातडी थरथरतेय. भोवती जमलेले लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, “लुगडं आणा रे भाऊंना.” सोपानचा चेहरा पडला. इस्माईलभाई एक हात गुडघ्यावर टेकून उठायला लागला. मामा म्हणत होते ते खरं निघालं होतं. आणखी क्षणभरात व्यवहार मोडला असता आणि चंद्री त्याच टेम्पोतून घरी गेली असती. मी मामांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर मला आनंद दिसेल असं वाटलं होतं.

मामा माझ्याकडं बघतच नव्हते. ते चंद्रीकडं बघत होते. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, ती इतकी भ्याली होती की उभ्या जागी कापत होती. मामांना ते बघवलं नाही. त्यांनी दावं आखडून घेतलं, तिच्या मानेखाली हात घातला आणि तिच्या कानाशी म्हणाले,

“उगी, बाई, उगी.”

तिचे कान खाली आले. शेपूट सैल पडली. इस्माईलभाईचा दुसरा हात अजून सडावरच होता; त्यानं पुन्हा ओढलं. बादलीत धार वाजली.

त्या आवाजाबरोबर मामांनी मान वर केली. काय झालं ते त्यांना कळलं आणि मलाही कळलं. ती कुणालाही देणारी म्हैस नव्हती. सोपाननं धार काढली त्या दिवशी मामा ओसरीत तापात पुटपुटत होते, ते काय पुटपुटत होते हे आम्ही कुणी कान देऊन ऐकलंच नव्हतं. लुगडं नको होतं तिला. हे दोन शब्द हवे होते, आणि ते बोलणारा माणूस. मामा त्या दिवशी बाजारात आले नसते, किंवा आले असते आणि गप्प राहिले असते, तर ती त्यांच्याकडंच राहिली असती. पण ती घाबरलेली असताना गप्प राहणं त्यांना जमलं नाही.

इस्माईलभाई भरलेली बादली घेऊन उठला. “चच्चा, ये तो गाय से बी सीदी है.” सोपाननं व्यवहार केला. आपल्याकडं बरेच लोक जनावर विकताना दावं देत नाहीत. मामांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडलं, इस्माईलभाईनं आपलं बांधलं. दावं हातात गुंडाळून मामा टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मागं वळून पाहिलं नाही. थोड्याच दिवसांत सोपान त्यांना शहरात घेऊन गेला.

पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं. इस्माईलभाईचा फोन आलाच. “डॉक्टरसाब, भैंस दूध उतारतीच नई. मेरी बीवी बैठी, अम्मा बैठी. थन सूज गया है.” गेलो. कास लाल, गरम, हात लावू देत नव्हती. दूध असंच कोंडून राहिलं तर सड कायमचे निकामी होतात. औषध दिलं, शेक सांगितला, पण खरं औषध माझ्या बॅगेत नव्हतं. इस्माईलभाईला म्हैस परत करायचा हक्क होता, तो तयारही होता, चांगला माणूस. पण परत कुठं करायची? गोठा आता रिकामा, घराला कुलूप.

मी फ्लॅटवर गेलो. मामा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील मला तिकडं घेऊन चला. सोपान दारात उभा होता, त्यालाही तेच वाटलं असावं. तो म्हणाला, “बाबा, जाऊन या. मी नेतो.”

मामांनी मान हलवली. “आज गेलो तर उद्या काय? रोज का जानार हाय मी? मला बघितलं की पुन्यांदा पहिल्यापासून.” त्यांनी उशीखाली हात घालून लुगडं काढलं. घडी घातलेलं, तसंच न धुतलेलं. ते माझ्या हातात देताना त्यांनी क्षणभर दाबून धरलं आणि मग सोडलं. “त्या बाईला नेसायला सांगा. आन् काय म्हनायचं ते तुमाला म्हाईतच हाय. कास फुटंल तिची.” मी दारापर्यंत आल्यावर मागून म्हणाले, “धुऊ नका म्हनावं.”

इस्माईलभाईच्या बायकोनं, रजियाभाभीनं, सलवार-कुडत्यावरूनच ते लुगडं गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला. कुणी हसलं नाही. ती धारेला बसली. चंद्रीनं मान वळवली आणि लुगड्यात तोंड खुपसलं, खोल श्वास घेतला. मामींना जाऊन किती काळ लोटला होता. इतकी वर्षं रोज नेसून त्या लुगड्याला आता मामांचा वास होता. चंद्री बराच वेळ हुंगत राहिली. रजियाभाभी मी शिकवल्याप्रमाणं हळूच म्हणाली, “उगी, बाय, उगी.” सांगायला लाज वाटत नाही, धार वाजली तेव्हा मी गोठ्याबाहेर उभा राहून रडलो.

परतताना फ्लॅटवर थांबलो. म्हटलं, “मामा, सोडला पान्हा.”

“सोडला?” ते म्हणाले. “सोडाया पायजेच. कुटवर चोरनार?” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामींच्या वेळी न आलेलं. ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो तसाच राहिला.

थोड्या वेळानं मी विचारलं, “तिची सवय झाली की लुगडं परत आणून देऊ?”

“ऱ्हाऊ द्या. तिला लागंल.” मग एकदम काही आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, “डाक्टर, तिला बांधलीया कशी? तोंड कुनीकडं करून?”

मी आठवून सांगितलं, “रस्त्याकडं.”

“मग तेवढं बदलाया सांगा,” मामा म्हणाले. “भिंतीकडं तोंड करून बांधा म्हनावं. रस्ता दिसला की जनावर वाट बघत बसतं. जीव लागत नाय त्याचा नव्या जागी.”

सांगतो म्हणालो आणि उठलो. चपला घालताना गॅलरीकडं लक्ष गेलं. तिथं मामांची खुर्ची होती, पैठण रोडकडं तोंड करून ठेवलेली. ती फिरवून ठेव, असं सोपानला सांगायला माझ्याच्यानं झालं नाही.